करवंदीची जाळी : काट्याची ओळख आणि छाटणीचा काळ

वैशाख लागला की सह्याद्रीच्या उतारावरील गावांतून पळसाच्या पानांचे द्रोण भरू लागतात. घाटातील रस्त्यांच्या कडेला, रेल्वे स्थानकांच्या पायऱ्यांवर आणि आठवडे बाजारात आदिवासी व शेतकरी स्त्रिया टोपल्या घेऊन बसतात आणि ‘डोंगरची काळी मैना’ या नावाने करवंदांची विक्री होते. हा हंगाम जेमतेम महिना-दीड महिन्याचा; परंतु तो येतो नेमका पेरणीच्या तोंडावर. घरातील धान्य संपत आलेले असते, बियाणे व खत घ्यावयाचे असते, मुलांच्या शाळाही उघडणार असतात. अशा वेळी, ज्या झुडपासाठी कोणी नांगर धरला नाही की पाण्याचा हंडा ओतला नाही, ते झुडूप घरात रोख पैसा आणून देते. तथापि, शेतीची सुधारणा करावयास निघालेल्या माणसाच्या दृष्टीस ते बहुधा ‘काटेरी रान’ म्हणूनच पडते, आणि बांध साफ करताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच चालते.

प्रस्तुत लेखकाच्या हातूनही एक चूक घडली आहे. ती येथे नमूद करणे उचित होईल, कारण या लेखाचा उगमच त्या चुकीत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत घाटमाथ्याजवळील एका गावी भातखाचरांच्या वरच्या बांधावर करवंदीचे जुने, दाट कुंपण पाहण्यात आले. फांद्या वेड्यावाकड्या वाढून पायवाटेवर आल्या होत्या. भाताची मळणी उरकली होती व माणसांना सवड होती. म्हणून पौष महिन्यात ते कुंपण वरून व दोन्ही अंगांनी सरळ छाटून घ्यावे, असा सल्ला दिला गेला. शेतकऱ्याने तो तंतोतंत पाळला. कुंपण एखाद्या सरकारी बागेतील मेंदीप्रमाणे सुबक दिसू लागले. वैशाखात पुन्हा त्या गावी जाणे झाले, तेव्हा त्या शेतकऱ्याची वृद्ध आई बांधावर उभी होती.

“साहेब, कुंपण झकास झालंय,” त्या म्हणाल्या, “पण औंदा करवंद काही लागलं नाही. शेंडाच राहिला नाही, तर फूल बसायचं कुठं?”

“आजी, हे तुम्ही पौषात का नाही सांगितलंत?” असे विचारता त्या हसल्या.

“तुम्ही शिकलेली माणसं. म्हटलं, तुमच्या पुस्तकात काही निराळं असंल.”

पुस्तकात निराळे काही नव्हते. त्या आजींनी एका वाक्यात जे सांगितले तेच वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत लिहिलेले आहे; केवळ ते वाचून बांधावर नेण्याचे राहून गेले होते. त्या वर्षी त्या घरातील भाताचे बियाणे उसनवारीने आले. सबब, करवंदीची शरीररचना काय आहे व तिच्यावरून कोणता व्यवहार निघतो, याचे विवेचन येथे क्रमाने केले आहे.

कुल आणि गोतावळा

करवंदीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव कॅरिसा असे आहे. १७६७ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि आपल्याकडील करवंदीस कॅरिसा कॅरंडास हे नाव दिले. ‘कॅरंडास’ या शब्दात आपल्या करवंदाचाच ध्वनी आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल. तत्पूर्वी दोन शतके, १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात याच नावाने या फळाची नोंद झालेली आहे. संस्कृतात यास करमर्द म्हणतात, हिंदीत करौंदा.

या प्रजातीत अवघ्या सात-आठ जाती मोडतात. त्या आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया या खंडांच्या उष्ण भागांत विखुरलेल्या आहेत. कॅरिसा स्पिनॅरम ही लहान फळांची जात आफ्रिकेपासून भारतमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली असून ती कोरड्या प्रदेशातही तग धरते. दक्षिण आफ्रिकेतील कॅरिसा मॅक्रोकार्पा या जातीस मोठी लाल फळे येतात. तिचे काटे इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले असतात, व शोभेसाठी ती आपल्याकडील बागांतूनही लावली जाते.

करवंदीचे कुल म्हणजे कण्हेरीचे कुल होय. सदाफुली, सातवीण, सर्पगंधा, रुई ही सर्व तिची भावंडे. या कुलाची मोठी खूण म्हणजे पान अगर कोवळी फांदी मोडली असता निघणारा पांढरा चीक. करवंदीतही तो असतो; कच्चे करवंद खुडताना बोटे चिकट होतात ती त्यामुळेच. या कुलातील बहुतेक वनस्पती विषारी वा तीव्र औषधी गुणांच्या आहेत. अशा घराण्यात जन्मून करवंदीने माणसास व पाखरास खाण्याजोगे गोड फळ दिले, हे तिचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

काट्याची जन्मकथा

शेतकऱ्याच्या दृष्टीने काटा तो काटा. परंतु वनस्पतीच्या दृष्टीने सर्व काटे एका जातीचे नसतात. गुलाबाचा काटा केवळ सालीतून निघालेला असतो, म्हणून अंगठ्याने आडवा दाबताच तो साफ निखळतो. बोरीचे व बाभळीचे काटे हे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचे रूपांतर होय. म्हणून ते जोडीने येतात, आणि बोरीत तर त्या जोडीतील एक सरळ व दुसरा आकडीसारखा वाकडा असतो. निवडुंगाचे काटे ही पानांची रूपांतरे आहेत. लिंबाचा काटा पानाच्या बगलेत असतो.

करवंदीचा प्रकार याहून वेगळा आहे. तिच्या फांदीच्या अगदी टोकाशी जी वाढीची कळी असते, जिला अग्रकळी म्हणतात, तिचेच रूपांतर काट्यांच्या जोडीत होते. म्हणजे फांदी आपल्या शेंड्याचाच काटा करून टाकते. अर्थात त्या फांदीची सरळ वाढ तेथे खुंटते. मग काट्याखालील समोरासमोरच्या दोन पानांच्या बगलेतील कळ्या फुटतात व दोन फांद्या दोन दिशांना निघतात. त्याही काही अंतर वाढून पुन्हा काट्यांत संपतात, आणि त्यांच्याही खालून दोन-दोन फांद्या फुटतात. एकाच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ, अशी ही दुभागणी वर्षानुवर्षे चालते. जुन्या फांदीवर ज्या ज्या ठिकाणी काट्यांची जोडी दिसते, ती एके काळची शेंड्याची जागा होय, असे समजावे. कुंपणातील कोणतीही फांदी हाती घेऊन हे पडताळून पाहता येईल.

या वाढीमुळेच करवंदीचे झुडूप उंच सरळ न जाता दाट, गुंतागुंतीचे होते. आपल्या पूर्वजांनी त्यास ‘झाड’ न म्हणता ‘जाळी’ म्हटले, यात त्यांचे सूक्ष्म निरीक्षण दिसून येते. काटे २ ते ५ सेंटिमीटर लांब, कठीण व टोकदार असतात. ते फांदीच्या लाकडाचेच असल्यामुळे गुलाबाच्या काट्याप्रमाणे निखळत नाहीत. गुरे या जाळीत तोंड घालीत नाहीत. त्यामुळे बुलबुलासारखी पाखरे तीत निर्धास्तपणे घरटी बांधतात आणि पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या इतर झाडांच्या बियाही त्या आडोशास रुजतात. उघड्या माळावर शेळ्यांच्या तोंडून वाचलेले एखादे रोप पाहिले, तर पुष्कळदा ते करवंदीच्या जाळीतूनच डोके वर काढताना आढळते.

फूल आणि फळ

पाने समोरासमोर, लांबट-गोल, चिवट व वरून चकचकीत हिरवी असतात. झुडूप सदाहरित असल्याने चैत्रातील उन्हातही हिरवे राहते. डोंगरातील रानटी करवंदीस माघ-फाल्गुनाच्या सुमारास फुले येऊ लागतात. फुले पांढरी, क्वचित गुलाबी छटेची व सुवासिक असून ती लहान झुबक्यांनी येतात. हे झुबके बहुधा फांदीच्या शेंड्याशी असतात, आणि आजींच्या बोलण्याचे सारे मर्म यातच आहे. शेंड्यापुढे दोन मार्ग असतात : काटा होणे अथवा फुलणे. पावसाळ्यात व त्यानंतर वाढलेल्या फुटव्यांचे शेंडे पौषात कापून टाकले, म्हणजे माघात फुलणारी जागाच आपण कापून टाकली. उरलेल्या फांदीस खालून नवे फुटवे येतात खरे. परंतु त्या हंगामातील फुलण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते.

फुलास पाच पाकळ्या असून खाली त्यांची अरुंद नळी बनलेली असते. कळीत पाकळ्या पिळलेल्या असतात. उमललेल्या फुलास त्यामुळे भिंगरीसारखा आकार येतो. पाच पुंकेसर व किंजपुट एकाच फुलात असतात, म्हणजे फूल द्विलिंगी असते. मुले करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ असा खेळ खेळतात. आतून लाल निघाले तर कोंबडा, फिके निघाले तर कोंबडी. खेळ म्हणून ते ठीक आहे; परंतु पपईप्रमाणे करवंदीतही नर-मादी झाडे वेगळी असावीत, असा समज काही ठिकाणी आढळतो, तो चुकीचा आहे. ‘कोंबडा’ असो वा ‘कोंबडी’, दोहोंतही बी असते व दोहोंचेही रोप होते.

फळाच्या बाबतीत भावंडांशी तुलना बोधप्रद आहे. रुई व सातवीण यांच्या फुलातील किंजपुटाचे दोन भाग सुटे असतात व त्यांपासून जोडीने शेंगांसारखी फळे होतात. ती वाळून फुटतात व केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. करवंदीत हे दोन्ही भाग एकत्र जुळलेले असून त्यांचे एकच रसाळ मृदुफळ बनते. ते प्रथम हिरवे, मग लालसर आणि पिकल्यावर काळे-जांभळे होते. आत काही चपट्या बिया असतात. त्या वाऱ्याने जात नाहीत. पाखरे व रानातील जनावरे फळ खाऊन त्यांचा प्रसार करतात.

डोंगरातील करवंदे वैशाख-ज्येष्ठात, पाऊस लागण्यापूर्वी पिकतात. उत्तर भारतात बागांतून लावलेल्या करौंद्याची फळे मात्र पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान निघतात. एका ठिकाणचे वेळापत्रक दुसऱ्या ठिकाणी लावू नये, हा बोध येथेही घ्यावा.

छाटणीचा काळ

वरील विवेचनावरून छाटणीचा नियम आपोआपच निघतो : फळ उतरल्याबरोबर छाटावे, फुलण्यापूर्वी छाटू नये. डोंगरी करवंदीसाठी याचा अर्थ मृगाच्या पावसाबरोबर, ज्येष्ठाच्या अखेरीस वा आषाढाच्या प्रारंभी छाटणी करणे असा होतो. त्यानंतर संपूर्ण पावसाळा नव्या फुटव्यांस मिळतो आणि माघापर्यंत त्यांचे शेंडे फुलावयास तयार होतात. शेताची कामे त्या सुमारास अंगावर असतात, ही अडचण खरी आहे. म्हणून शेवटची करवंदे उतरवीत असतानाच वाटेवर आलेल्या फांद्या छाटून घ्याव्यात. दोन्ही कामे एकाच फेरीत होतात.

नुसते कुंपण दाट करावयाचे असल्यास शेंड्याकडून वीतभर छाटणे पुरे होते. करवंदीचा स्वभावच एकाच्या दोन फांद्या करण्याचा असल्याने प्रत्येक कापाखालून बहुधा दोन फुटवे निघतात व कुंपण भरते. जाळी फार जुनी होऊन आतून वाळली असल्यास तिच्या एकतृतीयांश जुन्या फांद्या बुडाजवळून काढाव्यात, बाकीच्या पुढील दोन वर्षांत काढाव्यात. एकाच वर्षी सर्व जाळी भुईसपाट केल्यास कुंपणही जाते व उत्पन्नही जाते.

राबासाठी फांद्या तोडण्याची चाल कोकणात व मावळात जुनी आहे. भाताच्या रोपवाटिकेसाठी करवंदीच्या फांद्या तोडावयाच्याच असतील, तर निदान फुलाफळांवर आलेल्या जाळ्या तरी वगळाव्यात. बांध यंत्राने साफ करताना यंत्रचालकास जाळ्या आधी दाखवून द्याव्यात. कातळाच्या भेगांतून मुळे घालून बसलेली जुनी जाळी उतारावरील माती धरून ठेवते; ती उपटल्यास त्या जागी माती राहत नाही.

रोपे तयार करणे व लावणे

नवीन कुंपण करू इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

बी साठवून ठेवू नये. करवंदीच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर कमी होते. चांगल्या वाणाच्या, मोठ्या व गोड फळांच्या जाळीवरील पूर्ण पिकलेली करवंदे निवडावीत. ती पाण्यात कुस्करून बिया धुऊन घ्याव्यात, सावलीत सुकवाव्यात व त्या ताज्या असतानाच वाफ्यात अगर पिशव्यांत पेराव्यात. रोपे वर्षभर सांभाळून पुढील पावसाळ्याच्या प्रारंभी कायम जागी लावावीत. बियांपासून केलेल्या रोपांत मातृवृक्षाचे सर्व गुण उतरतातच असे नाही. विशिष्ट झाडाचे गुण कायम राखावयाचे असल्यास पावसाळ्यात गुटी कलम करावे.

कुंपणासाठी दोन रोपांतील अंतर ६० ते ९० सेंटिमीटर ठेवावे. फळांसाठी स्वतंत्र लागवड करावयाची असल्यास ते २ ते ३ मीटर असावे. मुरमाड, दगडाळ व हलक्या जमिनीत करवंद येते. मात्र पाणी साचणारी जागा तिला मानवत नाही. कोवळ्या रोपांचे काटे मऊ असतात, म्हणून पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण करावी. साधारणतः तिसऱ्या वर्षापासून फळे धरू लागतात.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हा मोठ्या फळांचा वाण निवडलेला आहे. उत्तरेकडे पंतनगरच्या विद्यापीठाचे पंत मनोहर, पंत सुदर्शन व पंत सुवर्णा हे वाण प्रचारात आहेत. परंतु आपल्या बांधावरील जुनी गोड जाळी तोडून तेथे नवा वाण लावावा, असे कोणी समजू नये. नव्यासाठी पडीक जागा पुष्कळ आहे.

फळांचा उपयोग सर्वांस ठाऊक आहे. कच्च्या करवंदांचे लोणचे व चटणी, पिकलेल्यांचे सरबत व मुरांबा होतो. न पिकलेल्या फळांत पेक्टिन हे घटकद्रव्य भरपूर असल्याने त्यांची जेली उत्तम धरते. बेकरीच्या पदार्थांवर व विड्यात लाल ‘चेरी’ म्हणून जे फळ मिळते, ते पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगविलेले करवंदच असते. बचत गटांनी या गोष्टीची दखल घेण्यासारखी आहे. पिकलेले करवंद दोन दिवसांत नरम पडते. कच्चे फळ मात्र काही दिवस टिकते व दूरच्या बाजारास पाठविता येते.

सावधगिरी

करवंदीचे कुल विषारी वनस्पतींचे आहे, हे वर सांगितलेच आहे. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. पिवळ्या कण्हेरीचे फळही आरंभी हिरवे व पुढे काळे होते आणि तिच्या अंगातही पांढरा चीक असतो. परंतु ते अत्यंत विषारी असून त्यातील बी प्राणघातक ठरते. पिवळ्या कण्हेरीस काटे नसतात आणि तिची पाने लांब व अरुंद असतात. आफ्रिकेत ॲकोकँथेरा नावाची करवंदीची एक जवळची आप्त आहे. तिची एक जाती पूर्वी शास्त्रज्ञांनीही कॅरिसा प्रजातीतच घातली होती. तिच्यापासून तेथील शिकारी बाणांचे विष तयार करीत आले आहेत. तिलाही काटे नसतात.

याचा अर्थ काटा असलेले प्रत्येक झुडूप निर्धोक असा मात्र मुळीच नाही. घाणेरीस आकडीदार काटे व काळी बारीक फळे असतात; तिची हिरवी फळे मुलांस व पाला गुरांस विषारी ठरतो. घाणेरीची खोडे चौकोनी, पाने खरखरीत व उग्र वासाची असतात आणि ती मोडली असता चीक निघत नाही. सबब, करवंदीच्या चारही खुणा एकत्र पडताळून पाहाव्यात : पांढरा चीक, समोरासमोरची चकचकीत गोलसर पाने, शेंड्याशी जोडकाटे आणि बियांसह रसाळ काळे फळ. चारांपैकी एकही खूण चुकली, तर ते फळ तोंडात घालू नये.

काटा खोल रुतल्यास तो पूर्ण काढून जखम साबण व पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या सुईसाठी आरोग्य केंद्रात जावे.

कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा एक लहानसे काम अवश्य करावे. फळांच्या दिवसांत गावातील करवंदे वेचणाऱ्या स्त्रियांबरोबर एक सकाळ डोंगरात घालवावी. कोणत्या जाळीचे फळ मोठे, कोणत्या जाळीचे गोड, कोणती दरवर्षी भरते व कोणती एक वर्षाआड, हे त्यांना पाठ असते. त्यांच्या सांगण्यावरून चांगल्या जाळ्यांची नोंद करावी व रोपवाटिकेसाठी बी तेथूनच घ्यावे. वनात पिढ्यान्‌पिढ्या गौण वनोपज गोळा करणाऱ्या अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचा त्यावरील हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला आहे, हेही ग्रामसभेत समजावून सांगावे.

त्या गावच्या बांधावरील कुंपण पुढील वर्षी कोणी छाटले नाही. वैशाखात तेथे गेलो असता आजींनी द्रोणभर करवंदे पुढे केली व म्हणाल्या, “आता पुस्तकात लिहून ठेवा, साहेब.” त्यांच्या आज्ञेप्रमाणे ते येथे लिहून ठेवले आहे.